सोमालियातला तळ उठवताना
माजलगावच्या दर्ग्यात लोबान जळू लागला की मला मामा आठवतात. फौजेतले मामा सोमालियातून परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तिथला लोबान होता आणि माझ्या झोळीत फौजांविरुद्धची पत्रकं. “परक्या मुलखात बंदुका घेऊन काहून गेलता?” मी तडकून विचारलं. मामा हसले. “शांतता राखायला, पुढारी! पण तळ उठवणं लई अवघड. जहाजावर काय चढवायचं, मागं काय सोडायचं, हे ठरवताना भांडणं झाली.” शेजारची वस्ती तळावरच्या इंजिनानं उपसलेल्या पाण्यावर जगत होती. ते इंजिन मागं राहावं म्हणून मामा साहेबांपुढं अडून बसले, आणि ते राहिलं. निघताना तिथल्या एका म्हातारीनं त्यांचा हात धरला. आईनं विचारलं, “मग ‘येतो’ म्हणालास ना तिला?” आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ. मामा गंभीर झाले. “न्हाई अक्का. ‘जातो’ म्हनलो. फौजेनं ‘येतो’ म्हणू न्हाई.” “अन् तिला मराठी कुठं कळतंय?” आई म्हणाली. “मला तर कळतंय.” मी आजही पत्रकं लिहितो, पण ‘फौजेनं येतो म्हणू न्हाई’ एवढं खरं वाक्य अजून माझ्या हातून उतरलेलं नाही.