रविवारचं उत्तर

आमच्या ताईला शिकवायचं वेड आहे. लहानपणी ती बाहुल्यांची शाळा भरवायची आणि बाहुल्यांना उत्तर आलं नाही की मार मला बसायचा. पुढे ती खरोखरची बाई झाली, शाळेत जन्म घालवला, पण पद्धत बदलली नाही. एक चांगलं उत्तर फळ्यावर लिहायचं, सगळ्यांकडून घोकून घ्यायचं आणि पोरं पास करून सोडायची. पोरं पास व्हायची, पालक खूश व्हायचे, त्यामुळे यात काही चुकतंय असं तिला कोणी कधी सांगितलंच नाही.

निवृत्त झाल्यावरही तिला घरी चैन पडेना. वाचनालयाच्या वरच्या खोलीत बाहेरच्या देशांतून आलेल्या माणसांचा वर्ग चालायचा, तो तिनं घेतला. आपली भाषा, बसचं तिकीट, बँकेतलं खातं, दवाखान्यातली रांग, सगळं ती शिकवायची. वर्गात एक शिंपी होता. उंच, वाकलेला, बोटांना सुया टोचून घट्टे पडलेले. त्याची बायको आणि मुलगी अजून तिकडेच होत्या. बाप इथे कायमचा झाला तर त्यांना आणता येणार होतं, पण मुलगी अठराची व्हायच्या आत. एकदा अठरावं सरलं की ती सरकारच्या लेखी स्वतंत्र बाई, बापाशी संबंध नाही. शिंप्याचा सगळा जीव त्या वाढदिवसावर टांगलेला होता.

अशात नियोजन खात्यानं नवं धोरण आखायला घेतलं. बाहेरून आलेला माणूस इथे मिसळला की नाही, हे मोजायचं कसं, यावर बैठका सुरू झाल्या आणि एका बैठकीला ताईलाही बोलावणं आलं. मीही सोबत गेले, कारण लिफ्टमध्ये तिला एकटीला भीती वाटते. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर बाणच बाण असलेला तक्ता. तासभर कोणाला काही सुचेना. शेवटी उपसंचालक म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. माणूस रुळला हे तुम्हाला कसं कळतं?"

ताईनं शिंप्याची गोष्ट सांगितली. त्याच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, एक म्हातारे इंजिन ड्रायव्हर राहतात. बायको गेलेली, मुलगा दूर. दर रविवारी चहा झाला की ते काठीनं जमिनीवर दोनदा ठोकतात. शिंपी सुईदोरा घेऊन वर जातो, त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावतो आणि मग दोघं खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर भांडतात. "ज्याच्याशी हक्कानं भांडता येतं असं एक घर मिळालं," ताई म्हणाली, "की माणूस रुळला."

टेबलाभोवतीचे सगळे भराभरा लिहायला लागले. ताईच्या गालांवर लाली चढली होती. जन्मात पहिल्यांदा सरकारनं तिचं ऐकलं होतं. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

धोरण जाहीर झालं. मुलाखतीत एक नवा प्रश्न आला: तुमचा शेजारी कोण, आणि तुम्ही एकमेकांसाठी काय करता? घरी येऊन पडताळणीही होणार होती. बोललं एक आणि दिसलं दुसरं, तर अर्ज बाद. वर्गाच्या तोंडचं पाणी पळालं. दोन-दोन ठिकाणी राबणाऱ्या माणसांना शेजाऱ्याचं दार उघडं दिसतं कधी? ती ताईकडे बघायला लागली. आणि ताईनं जन्मभर जे केलं तेच केलं. फळ्यावर एक चांगलं उत्तर लिहिलं. रविवार, काठी, चहा, बटण, खिडकी. म्हणाली, "याच्यात आपापलं थोडं घाला." त्यांनी काही घातलं नाही. परक्या भाषेत जेवढं पाठ होतं तेवढंच माणूस बोलतो.

शिंपी स्वभावानं असा, की मुलाखतीच्या रांगेतला आपला क्रमांक त्यानं एका बाळंतिणीला दिला, मग दुसऱ्या कोणाला, आणि शेवटी आत गेला. तोवर अधिकाऱ्यानं काठी ठोकणारे कितीतरी म्हातारे ऐकले होते. शिंप्यानं 'रविवारी' म्हटल्याबरोबर त्यानं हात वर करून त्याला थांबवलं. म्हणाला, "पुढचं मला पाठ आहे." सगळेच नापास झाले; बाकीच्यांना फेरमुलाखती मिळाल्या. त्यांना घाई नव्हती. शिंप्यालाही मिळाली, मुलीच्या वाढदिवसाच्या जरा आधीची, आणि ती शेवटची.

ताईनं अन्न टाकलं. मी तिला नको नको ते बोलले आणि मग तिच्यासोबत खेटे घातले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, आज साहेब नाहीत, उद्या साहेब बैठकीत. अखेर उपसंचालकच भेटले. ताई त्यांच्यापुढे उभ्यानं रडली. "फळ्यावर मी लिहिलं. शिक्षा मला करा. पण ती गोष्ट शिंप्याचीच आहे हो. मीच तुम्हाला सांगितली होती, आठवतं ना?"

"आठवतं," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त लागलं. "पण नियम सगळ्यांना सारखा. फेरमुलाखतीआधी साक्षीदार आणा, बघू."

साक्षीदार म्हणून ड्रायव्हरआजोबा आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. जिन्यावर ताईनं त्यांना बजावलं, "आजोबा, जे आहे तेच सांगा." त्यांनी तेच सांगितलं. रविवार, काठी, चहा. समोर तोच मुलाखतीचा अधिकारी ओठ हलवत सोबत म्हणत होता, आणि आजोबांच्या ते लक्षात आलं. जन्मभर गाडी वेळेवर आणलेला माणूस, त्याला कोणी तोंडावर खोटं पाडलं नव्हतं. ते लालबुंद झाले. खाली बघत म्हणाले, "बटणं मीच कापतो. शनिवारी. नाहीतर हा वर कशाला येईल?"

शिंप्यानं झटकन मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

अधिकारी हसला. "हे नवीन दिसतंय," तो म्हणाला. "बाईंनी मागाहून घातलं वाटतं."

परतताना फाटकापाशी शिंपी थांबला आणि ताईला म्हणाला, "ताई, माझं होतं ते आता सगळ्यांचं झालं. फेरमुलाखतीसाठी मला एखादं खोटं शिकवा. कोणाचंच नसलेलं."

मला वाटलं, ताई नाही म्हणेल. ती म्हणाली, "रविवारी येते."

रविवारी मीही तिच्यासोबत गेले. शिंप्याची खोली ती केवढीशी: मशीन, पलंग, भिंतीवर बायको-मुलीचा फोटो, खुंटीवर अर्धे शिवलेले कपडे. ताई पलंगाच्या कडेवर बसली होती आणि फळा नसल्यानं हवेतच बोट फिरवत होती. कोपऱ्यावरचा किराणावाला बुद्धिबळ खेळतो, ताईनं गळ घातल्यावर शेजारी व्हायला हो म्हणाला होता, तोच आता शिंप्याचा शेजारी. "रविवारी मी दुकानात बसतो. आम्ही बुद्धिबळ खेळतो. तो मला घोडा कसा चालतो ते सांगतो. म्हणा."

"रविवारी मी दुकानात बसतो," शिंपी म्हणाला.

"आणि हे बघा," ताईचा आवाज बसला होता, "पडताळणीवाले कधीही येतील. तोवर वर जायचं नाही. एकदाही नाही. आजोबांना मी नंतर समजावीन."

त्यानं मान हलवली. हात सवयीनं सुईदोऱ्याच्या डबीवर गेला होता, तो त्यानं मागे घेतला.

तेवढ्यात छतावर काठी वाजली. दोनदा.

मी ताईकडे बघितलं. मनात म्हटलं, जाऊ दे त्याला, खड्ड्यात गेलं धोरण. पण फोटोतली मुलगी समोर होती, आणि माझंही तोंड उघडलं नाही.

"आम्ही बुद्धिबळ खेळतो," शिंपी म्हणाला. शब्द एकही चुकला नाही.

पुन्हा काठी वाजली. थोडा वेळ गेला, मग पुन्हा. आजोबांना वाटलं असेल, मशीनच्या आवाजात याला ऐकू येत नाही. मशीन तर बंद होतं. ताईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पुन्हा. पहिल्यापासून."