आईचा फोन स्पीकरवर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही म्हणून.

आई काचीगुड्यात राहते, एकटीच. आमचे पणजोबा लातूरकडची शेती सोडून इकडे, तेलुगू मुलखातल्या या शहरात आले. तेव्हापासून घरातल्या मराठीत दखनी उर्दू मिसळली, थोडी तेलुगूही. माझीही भाषा तशीच होती. पुण्याला कॉलेजात गेलो, तिथे ‘हो’च्या जागी येणाऱ्या माझ्या ‘हौ’ला पोरं हसली, आणि मी भाषा घासूनपुसून लख्ख केली. परत येऊन नोकरीला लागलो तर इथल्याच कुकटपल्लीच्या ऑफिसातली पुण्या-मुंबईची मंडळी म्हणायची, तू इथला वाटतच नाहीस. आणि माझी — खरं सांगू? — छाती फुगायची.

एका हिवाळ्यात कंपनीने आम्हाला जैसलमेरजवळच्या रिसॉर्टवर नेलं. नावाला सहल, दिवसभर तंबूत बसून पुढच्या वर्षाच्या कामाची आखणी. संध्याकाळी वाळूत गाद्या घातल्या होत्या, चहा-भजी चालू होती. बोलता बोलता कुणीतरी मला विचारलं, तुमच्या घरी नक्की बोलतात तरी कसं? आणि नेमका तेव्हाच आईचा फोन आला.

मी स्पीकर लावला. चुकून नाही. चुकून बोट लागलं असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय — पण नाही. मीच लावला, आणि फोन मधोमध गादीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मला ठाऊक होतं. शेजारच्या सुमनमावशी तिला नेणार होत्या. मला ट्रिप सोडवली नव्हती.

“खाना झाला का रे? तिकडं थंडी असंल, कान बांधून घे,” आई म्हणाली. सगळ्यांनी हसू दाबलं. मग मी — इथे थांबावंसं वाटतं — मी तिला बोलतं केलं. डॉक्टर काय म्हणाला, घरी कोण आलं होतं, आज काय केलंस जेवायला. ज्या शब्दांवर हसू येईल ते तिच्या तोंडून निघावेत म्हणून एकेक विचारत गेलो. ती बिचारी खूश. एरवी मी तिच्याशी एवढं बोलतो कुठे?

शेवटी तिने आवाज खाली आणला. “मला लई भ्या वाटून राहिलं रे. नजर गेली तर?”

आणि हशा पिकला. सगळ्यांत आधी मी हसलो.

“कोन हसून राहिलंय?”

“टीव्ही आहे, आई.”

‘बरं’ म्हणून तिने फोन ठेवला.

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं ना? मी भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी उंटावर बसून फोटो काढले. ऑपरेशन नीट झालं. तिने तो विषय कधी काढला नाही, मीही नाही.

पण पुढच्या फोनवर ती म्हणाली, “तू जेवलास का? तुझी प्रकृती कशी आहे?” सावकाश, शब्द निवडून, मराठी मालिकेतल्या बायका बोलतात तसं. मला आधी गंमत वाटली. गंमत नव्हती. तेव्हापासून ती माझ्याशी अशीच बोलते. शब्द सापडला नाही की ते बोलणंच सोडून देते. आमचे फोन लवकर संपतात. भीतीबिती ती मला सांगत नाही.

गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो. जिन्यातच तिचा आवाज ऐकू आला. सुमनमावशींना काहीतरी रंगवून सांगत होती — “मी बोलले, नक्को परेशान होऊ गं” — आणि मोठ्याने हसत होती. मी बेल न वाजवता तसाच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने वाजवली.

दार तिनेच उघडलं. मला पाहून तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलं.

“ये, बस,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी पाणी आणू का?”

मी हो म्हणालो.