डेल्मारची गाडी आणि आर्डिसचा नकार

उत्तरेच्या थंडीतल्या आमच्या टू हार्बर्स गावात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. कॉफी हवी का, असं विचारलं की पहिल्यांदा 'नको, राहू दे' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'उगाच कशाला त्रास' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' असं म्हणून काठोकाठ भरलेला कप घ्यायचा. तिसऱ्यांदाही नकोच असेल तर कारण दाखवावं लागतं: डॉक्टरांनी बंद केलीय, आत्ताच घेऊन आले. नुसतं नको म्हणणारा माणूस एकतर दुसऱ्या राज्यातला, नाहीतर रागावलेला. आर्डिस टॉलेफसन याच नियमात वाढली, याच नियमात म्हातारी झाली, आणि याच नियमाने त्या वर्षी तिची पुरती कोंडी केली.

तिचा नवरा नॉर्म जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा कर्ट, दूर मिनीआपोलिस शहरात. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात आर्डिसच्या जुन्या गाडीचा तळ बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने इतका खाल्लेला निघाला की मेकॅनिकने हात टेकले. कर्टला निमित्तच मिळालं. "आई, पुरे झालं आता. नोकरी सोड, घर वीक आणि आमच्याकडे ये." आर्डिस म्हणाली, "बघू या." ख्रिसमसला त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला उगाच त्रास."

म्हणजे दोनदा झालं होतं. मे महिन्यात मदर्स डेला येऊन तो तिसऱ्यांदा विचारणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिला जायचं नव्हतं. पलीकडच्या गावातल्या शाळेत ती दीडशे पोरांचं जेवण रांधायची, बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांच्या, म्हणजे टेटर टॉट हॉटडिशच्या दिवशी मुलं तिला नावाने हाका मारायची. हे सोडून सून जिलच्या घरात पाहुणी होऊन बसायचं, डिशवॉशरमध्ये ताटल्या कशा लावायच्या ते या वयात शिकायचं, या विचारानेच तिला धडकी भरे. रोज कामावर नेणारी एक धड गाडी दारात उभी असली, की कारण तयार होतं: 'अरे, शाळेला माझी गरज आहे, आणि आता गाडीही घेतलीय.' नाही न म्हणता नाही म्हणता आलं असतं. तिला गाडी हवी होती ती एवढ्यासाठी.

जानेवारीत चर्चमधल्या डेल्मार सुंडक्विस्टने आपली छोटी गाडी विकायला काढली. राखाडी, पाच दारांची, अकरा वर्षांची. आर्डिस काही भोळी नव्हती. बर्फावर पुठ्ठा टाकून ती गाडीखाली शिरली, गंज कुठे कुठे आहे ते पेचकसाने टोकरून पाहिलं, कुठे भोक बुजवून वर रंग फासलाय का हे पाहायला दारांखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवला. हीटर चालत होता, टायर चांगले होते. आरशाला पाइनच्या वासाचं कार्ड लटकत होतं. "नवीनच आहे, राहू दे तुला," डेल्मार म्हणाला.

"आणि किंमत जरा जास्त वाटत असेल तर..." तोच पुढे म्हणाला.

"छे, छे. ठीकच आहे," आर्डिस म्हणाली आणि चेक फाडला.

त्या दिवशी तापमान उणे वीस होतं. इतक्या थंडीत आमच्याकडे कशालाच वास येत नाही. कचऱ्यालाही नाही, गोठ्यालाही नाही. थंडीत गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं, पण आमची माणसं थंडीत गंज बघतात, नाक कोण चालवतो?

फेब्रुवारीचे सगळे शनिवार तिने गारठलेल्या गॅरेजमध्ये पायाशी छोटा हीटर लावून, गाडीची दारं बंद ठेवून काढले. चाकांच्या कमानीतलं मीठ कोमट पाण्याने धुतलं. रंगावर बसलेली खरखर डिटेलिंगवाले वापरतात त्या चिकणमातीच्या वडीने घासून काढली, इतकी की पत्र्यावरून हात साबणासारखा घसरायला लागला. धुरकट झालेले हेडलाइट पॉलिश पेपरने स्वच्छ केले, वर मेणाचे दोन हात दिले. फोटो काढून कर्टला पाठवला. "छान दिसतेय," एवढंच उत्तर आलं. तिला ते पुरे होतं. गाडी खरोखरच देखणी झाली होती, आणि आपल्या हातची होती.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला आणि गाडी सडक्या मासळीने घमघमू लागली.

आधी तिला वाटलं शाळेतून आणलेला डबा सांडला असेल. तिने सीट काढण्याआधी जे जे करता येतं ते सगळं केलं. खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवला, व्हिनेगर शिंपडलं, दुकानदाराने दिलेलं महागडं औषध फवारलं, हवेची जाळी बदलली. दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं की वास पुन्हा डोकं वर काढायचा, आणि आता त्यात व्हिनेगरही मिसळलेलं असायचं.

शेवटी तिने डिक्कीतलं राखीव चाक उचललं. खालच्या खोलगट जागेत चंदेरी खवल्यांचा थर वाळून चिकटला होता. आर्डिस तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसली. दर एप्रिलमध्ये अर्धं गाव जाळी घेऊन ओढ्यांच्या मुखाशी जातं आणि स्मेल्ट नावाची बोटभर मासळी बादल्या भरभरून आणतं. डेल्मारची एक बादली त्या डिक्कीत कलंडली होती. पाणी गालिच्याखालच्या स्पंजात मुरत मुरत पुढच्या सीटपर्यंत पोहोचलं होतं. आणि डेल्मारने वर पाइनचं कार्ड लटकावलं होतं!

आता कुणीही म्हणेल, जा की त्याच्याकडे आणि सांग. आर्डिसला ते जमेना. दर रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. डेल्मार न चुकता तिच्याशेजारी येऊन उभा राही.

"काय आर्डिस, छोटी गाडी कशी चाललीय?"

"काही तक्रार नाही," आर्डिस म्हणे, आणि घरी येऊन भांडी आपटे. स्वतःचाच तिला असा संताप यायचा की रात्रीचं जेवण जायचं नाही. वाक्य तयार असायचं. गाडीत, आंघोळीला, बटाटे सोलताना ती ते मोठ्याने म्हणायची. डेल्मारचा गुलाबी, सज्जन चेहरा समोर आला की तोंडातून तेच, काही तक्रार नाही.

एप्रिलअखेर तिने बॅटरीची तार सोडवली, सगळ्या सीट बोल्ट काढून बाहेर ओढल्या, गालिचा उचकटला आणि खालचा स्पंज सुरीने कापून पोत्यात भरला. ओला स्पंज उचलताना तिची पाठ धरली. पत्रा साबणाने तीनदा घासला. पुढच्या दोन सीट परत बसवल्या, मागच्या तशाच गॅरेजमध्ये ठेवल्या. गाडी आतून उघड्या डब्यासारखी खडखडत होती, आणि वास तरीही होता, आता पुढच्या सीटच्याच गादीत.

मदर्स डेला कर्ट आला. गाडीचं दार उघडून तो आत बघतच राहिला.

"आई, हे काय आहे?"

"जरा ऊन दाखवतेय."

"मागची सीट कुठाय?"

"उन्हातच आहे," आर्डिस म्हणाली. कर्टने तोंड बाजूला वळवून श्वास घेतला, पण वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटी तिचाच मुलगा. "चर्चला माझ्या गाडीतून जाऊ," तो म्हणाला.

तळघरात कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या. डेल्मार आलाच. कर्टशी हात मिळवला आणि आर्डिसकडे वळला. "काय मग, छोटी गाडी कशी चाललीय?"

"घाण मारते," आर्डिस म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले.

"मेलेल्या माशांची घाण मारते, डेल्मार. तुझी बादली सांडली होती आणि तुला ते माहीत होतं. मार्चपासून मी ती गाडी घासतेय. माझी पाठ गेली!"

डेल्मार लाल झाला. "म्हणजे तुला येत होता तर वास," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुला चालतोय."

"चालतोय?"

"मी दर रविवारी विचारत होतो की. तू बोलली असतीस तर पहिल्याच आठवड्यात पैसे देऊन परत घेतली असती. तूच म्हणायचीस, तक्रार नाही."

आर्डिसची मैत्रीण लव्हॉन पुढे आली आणि तिच्या दंडाला हात लावला. "अगं, आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. त्या गाडीत त्याच्याबरोबर कुणी बसायचं नाही. आम्हाला वाटलं, तुला माहीत असूनच घेतलीस."

"तू माझ्या गाडीतून चर्चला यायची थांबलीस ते गुडघा दुखतो म्हणून ना?"

लव्हॉनने खाली बघितलं. "गुडघा बरा आहे माझा. तुझ्या कोटालाही येतो गं वास. कसं सांगायचं?"

आर्डिसने कप ठेवला आणि जिना चढून बाहेर आली. शरमेने तिचे कान तापले होते. दोन महिने ती हा वास अंगावर घेऊन शाळेत पोरांना वाढत होती, चर्चमध्ये बाकावर बसत होती, आणि सगळं गाव सभ्यपणे नाक दाबून गप्प होतं. कर्ट मागोमाग आला. पार्किंगमध्ये त्याने तिला गाठलं.

"आई, ऐक. ही गाडी तर आता गेलीच. आमच्याकडे ये ना. खोली तयार आहे."

झाला तिसऱ्यांदा प्रश्न. तिच्याकडे आता कारण नव्हतं. शाळा होती, पण शाळेत जायला धड गाडी नव्हती. एरवी ती 'बरं' म्हणाली असती आणि जूनमध्ये घराला विक्रीची पाटी लागली असती. पण तळघरात पेटलेला राग अजून विझला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "मला यायचं नाहीये, कर्ट. थँक्सगिव्हिंगलाही नव्हतं. मला माझ्या घरात राहायचंय."

म्हणून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. तिने कर्टकडे बघितलं. त्याने चेहरा आवरायच्या आत तिला ते दिसलं. कपाळावरच्या आठ्या उतरल्या, खांदे सैल झाले. परीक्षा रद्द झाल्यावर शाळकरी वयात त्याचा चेहरा असाच व्हायचा.

"नक्की ना?" त्याने एकदाच विचारलं.

सगळा हिवाळा, सगळा वसंत आर्डिस ज्या गोष्टीशी झगडली, ती कुणालाच हवी नव्हती. तिच्यासाठी खोली रिकामी केली होती, पण तिची वाट कुणी बघत नव्हतं. दुसरं कुठलं वर्ष असतं तर तिने हे गिळून हवापाण्याचं काहीतरी काढलं असतं.

"तुला मी तिथे नकोच होते का रे?" तिने विचारलं.

कर्टने रस्त्याकडे बघितलं, गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "तू एकदा 'बघू या' म्हणालीस, एकदा 'उगाच त्रास'. मला वाटलं तुला यायचंय, तिसऱ्यांदा विचारायची वाट बघतेयस. एकदा विचारल्यावर मागे कसं फिरायचं? जिलने त्या खोलीतलं शिवणाचं सामान तळघरात नेलं, मी भिंती रंगवल्या."

"मी तुला वेगळं विचारलं."

त्याने किल्ली खिशात टाकली. आत चर्चच्या तळघरात पुन्हा बोलणं सुरू झाल्याचा आवाज येत होता.

"हो," कर्ट म्हणाला. "नको होतीस, आई."

इतकं सरळ उत्तर तिला त्या गावात जन्मापासून कुणी दिलं नव्हतं. आर्डिसने त्याच्या गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, "चल, मला माझ्या घरी सोड."