मेहुणीसाठी दिलेली साक्ष

डॉक्टरांपुढे बायकोचं कौतुक करायची दुर्बुद्धी मला नेमकी त्या दिवशी सुचली. रोह्याच्या मेहुणीचं गर्भाशय काढलेलं. तिचं नि साडूंचं मूल आपल्या पोटात वाढवायला माझी बायको तयार झाली, म्हणून आम्ही तिघं पेणहून मुंबईला गेलो. मूल वाढवणाऱ्या बाईला स्वतःचं मूल असायला हवं, वय पस्तिशीच्या आत, नवऱ्याची संमती, सगळं जुळत होतं. मी फुशारून म्हणालो, "दोन्ही वेळा सिझर, तरी महिन्याभरात हंडे उचलत होती!"

डॉक्टर लिहायचे थांबले. दोन सिझर झालेल्या बाईला ही जोखीम घेऊ देता येत नाही, म्हणाले.

मेहुणीने कागद पिशवीत भरले. "असू द्या, भावोजी," तीच मला म्हणाली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "टाके त्यांना दिसलेच असते. पण तिच्यासमोर माझ्या बाळंतपणांची फुशारकी कशाला मारायची?"