अठ्ठेचाळिशीतले खांदे

कोचगिरीत पैसा नाही, पण किस्से मात्र लग्नघरातल्या चपलांसारखे साठत जातात. सांगलीत आमचा व्हीलचेअर रेसिंगचा ग्रुप आहे, मी त्याचा कोच. त्यातले निम्मे किस्से एकट्या बापूंचे! कुंडलचे बापू माजी सैनिक. डोंगरात जीप उलटली, पाय निकामी झाले आणि तिशीनंतर हा गडी खुर्चीत बसला. आज वय अठ्ठेचाळीस. टायमिंग मात्र अजून सुधारतच आहे.

*

आमच्यात वाढदिवस जन्मतारखेला नसतो, खुर्चीत पहिल्यांदा बसलो त्या दिवशी असतो. माधवनगरचा अक्षय शहा एकविशीतला, पण लहानपणापासून खुर्चीवर. म्हणजे या हिशोबानं बापूंपेक्षा थोरला!

बापूंनी स्वतःच्या वाढदिवसाचा केक त्याच्यापुढं धरला. "आवं अक्षयराव, आधी थोरल्यांनी घ्यावा."

बिचारा लाजून लाल झाला.

*

एकदा बापूंचा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, खांदे साठीचे झालेत, आता आराम करा.

बाहेर येऊन बापू मला म्हणतात, "रेसमधी साठीच्या खांद्यामागं ही पोरं ऱ्हात्यात. मंग पोरास्नी दाखवा की डॉक्टरला."

पण त्या दिवसापासून आडदांड जोर बंद. सराव निम्मा, दुपारी झोप, हात नेमका चाकाच्या रिमवर. टायमिंग आणखी खाली आलं. मी कोच, पण हे मी त्यांच्याकडून शिकलो.

*

औंधला यमाईच्या डोंगराच्या रस्त्यावर आम्ही चढाचा सराव करतो. एका मावशींना बापूंची दया आली. त्यांनी मागून ढकलत थेट वरपर्यंत नेलं. बापूंनी हात जोडून आभार मानले, मावशी देवळात गेल्या, आणि हा माणूस परत खाली! पुन्हा पहिल्यापासून चढले.

"देवीला काय सांगू, ढकलून आणलं म्हून?"

*

गेल्या वर्षी साताऱ्याला निवड चाचणी होती. राज्याच्या टीममध्ये एकच जागा उरलेली. बापूंना आधीच बजावलेलं, या वयात ही शेवटची संधी. समोर अक्षय.

सगळे लाइनवर आले आणि अक्षयचा ग्लोव्ह फाटला. फाटक्या ग्लोव्हनं रिम मारता येत नाही. रेस सोडणारा स्टार्टर थांबायला तयार नव्हता. बापूंनी आपली खुर्ची वळवली आणि लाइनवर आडवी लावली. मी धावत गेलो. म्हटलं, बापू, शेवटची संधी आहे, सरळ व्हा!

"शेवटची असंल तर खरीखुरी हू द्या," बापू म्हणाले आणि त्यांनी आपला जादा ग्लोव्ह अक्षयकडं टाकला.

रेस झाली. शेवटच्या वळणापर्यंत अक्षय पुढं होता. मग बापूंनी हात चालवले ते चालवलेच. पुढच्या चाकाएवढ्या फरकानं जिंकले, आणि ते त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं टायमिंग होतं. माझे डोळे भरून आले.

अक्षय बाजूला मान खाली घालून रडत होता. बापू खुर्ची ढकलत त्याच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला.

"रडू नगं गड्या. माज्या वयाचा झालास की जमंल तुला."