भातामागून वरण

साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात कॉम्प्युटर आणि पंगत ही दोन्ही शास्त्रं एकाच माणसाला कळत होती, आणि तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मित्र. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. चंद्रपूरच्या एका कॉलेजात थंड खोलीतल्या कॉम्प्युटरवर ते शिकवायचे. तिथे प्राचार्यांनाही चपला काढल्याशिवाय आत घेत नसत. लग्नसराईत मात्र आमच्या सावली गावी येऊन, कोणी न सांगता, भाताचं टोपलं उचलायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. वाढताना शिकवल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. "ऐक. पंगत म्हणजे संग्रह. थो बसून राह्यते. फिरणारा बाहेरचा, येगळा. त्याले म्हणायचं इटरेटर. कुठवर आलो हे त्यानंच ध्यानात ठेवायचं, 'पुढचा कोण' अन् 'कोणी उरला का' एवढंच इचारायचं." या नादात एका आजोबांना दोनदा भात मिळाला आणि शेजारचे तसेच राहिले.

एकाच पंगतीत भातवाला आणि वरणवाला आपापल्या चालीनं फिरतात, याचं तर त्यांना कोण कौतुक! "एकाचं दुसऱ्याले काई घेणंदेणं नाई. अन् मनात आलं तं मधातच थांबता येते, हेच त्याचं सुख." माझी मावसबहीण सुमन हे ऐकून ओढणीआड हसायची. वरणाची बादली नेहमी तिच्याकडे असे. सरांचा जीव तिच्यावर जडला होता हे त्या बादलीलाही कळलं असावं. पण सर बोलत नव्हते.

एका बारशाला ते पंगतीच्या मधोमध थांबले. टोपलं कमरेशी धरून नुसते उभे. मागून वरण जवळ येत होतं. सुमन अगदी शेजारी आली, तसे सरांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतात.

"सर, समोर सरका न," सुमन म्हणाली. "तिकडल्या लोकायले भात नाई भेटला. मी वरण कशावर वाढू?"

"हो, हो," म्हणत सर पुढे सरकले.

त्याच उन्हाळ्यात वडसा गावचा मुलगा पसंत पडून सुमनचं लग्न झालं. सर आले आणि त्यांनी टोपलं उचललं. त्या दिवशी त्यांनी कोणाला काही शिकवलं नाही. वरणाची बादली माझ्याकडे होती. त्यांना गाठावं, खांद्यावर हात ठेवावा असं फार वाटत होतं, अजूनही वाटतं. पण मागे न बघता भरभर वाढत ते टोकाला पोचले होते, आणि माझ्यापुढे अर्धी पंगत कोरडा भात घेऊन बसली होती.