चौकटीतला हमाल

बारडोली मागे पडली, दोन्ही बाजूंना उसाचे फड लागले, तरी मंगलाबाईंच्या पायांत चप्पल नव्हती. सुरतच्या पांडेसऱ्याहून सप्तशृंगीच्या गडाला निघालेल्या जथ्यात त्या आणि शेजारची रंजना सगळ्यांत मागे होत्या. चैत्राचं ऊन, तापलेलं डांबर. रंजनाने पिशवीतून चप्पल काढून दोनदा पुढे धरली आणि दोनदा मुकाट्याने परत ठेवली. बाईंचे गुडघे दुखतात, नवस त्याचाच असणार, असं तिने मनाशी धरलं होतं. शेवटी विचारलंच.

"गुडघे गेले तर गेले," बाई म्हणाल्या. "ललितची मान खाली घालायची शे माले. देवीला तेच मागणार."

ललित त्यांचा पुतण्या. त्याची आई लवकर गेली, म्हणून त्यांच्याच हाताखाली वाढलेला. गडावरून परतल्यावर तिसऱ्या दिवशी कामरेजला एका लॉनवर त्याचा साखरपुडा होता. देवीच्या वाटेवर असलं काही बोलू नये म्हणून रंजना मनात नाव घेत राहिली, पण ऐकतही राहिली.

बाईंचे सासरे, म्हणजे ललितचे आजोबा, भटूआबा अमळनेरकडून सुरतेला आले ते पाठीवर ओझी वाहायला. शहरातली जुनी घरं पाडून इमारती उठायला लागल्या तेव्हा त्या घरांतली कपाटं, पलंग, झोपाळे उतरवायचं काम त्यांच्याकडे यायचं. मोडकी खुर्ची, तडा गेलेला आरसा दिसला की शेठ म्हणायचा, लई जा भटू, घेऊन जा. आबा ते पाठीवर घालून घरी आणायचे आणि मंगलाबाई अंगणात बसून घासायच्या, पॉलिश करायच्या, वेताची बैठक नव्याने विणायच्या.

एका श्रावणात गल्लीत कानबाई देवी बसली. बाईंनी देवीच्या दोन्ही अंगांना नक्षीच्या दोन खुर्च्या ठेवल्या, मागे मोठा आरसा, पुढे पितळी समया. बघायला अर्धा पांडेसरा लोटला. मग त्या खुर्च्या हळदीला गेल्या, बारशाला गेल्या. बाईंची एक रीत होती. सामान मांडायच्या आधी त्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, तुमच्या माहेरी काय काय होतं. मग तसंच शोधून आणायच्या. एका बारशाला त्यांनी पितळी कड्यांचा पाळणा उभा केला, तर पणजी दुपारपर्यंत त्याची दोरी सोडेना. जेवायला उठवलं तरी उठेना.

ललितने याचा धंदा केला. गोडाऊन घेतलं, टेम्पो घेतला, 'विंटेज' हा शब्द शिकला. याचं बाईंना कौतुकच होतं, आल्यागेल्याला सांगत फिरायच्या. मग वेसू भागातल्या एका लग्नात त्या खुर्च्या पुसायला गेल्या आणि दारातच थबकल्या. सागवानी चौकटीत गुलाबी फेट्याचा एक माणूस, मांडीवर तलवार, गळ्यात ताजा हार. ती तसबीर त्यांनीच रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेली, तीही चौकटीच्या लाकडासाठी. आतला माणूस कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नव्हतं.

नवरीच्या बापाने, एका बड्या शेठने, तसबिरीपुढे उभं राहून चौकशी केली. ललितने हात जोडले. "मारा दादाजी. आ बधुं एमनी हवेलीनुं छे." हे आपले आजोबा, हे सगळं त्यांच्याच हवेलीतलं, असं.

मग शेठची नजर बाईंवर गेली. या कोण, असं विचारल्यावर ललित इकडेतिकडे न बघता म्हणाला, "पॉलिशवाळी बाई."

मंगलाबाईंनी हातातली खुर्ची पूर्ण पुसली. चारही पाय पुसले. गोडाऊनवर परतल्या तेव्हा तिथे कायम टांगलेला आबांचा फोटो भिंतीवर नव्हता. पडद्यांच्या गठ्ठ्यामागे तोंड भिंतीकडे करून ठेवलेला सापडला. पदराखाली घालून त्यांनी तो घरी आणला.

"त्या पाठीवर बसून शाळेत जायचा हा," त्या म्हणाल्या. "पावसात गटार भरलं की आबा त्याला मानेवर घ्यायचे. ती पाठ त्याला आता दिसायला नको."

पुढे कालव्याजवळ जथा थांबला होता, कोणी पाणी वाटत होतं. बाई थांबल्या नाहीत, म्हणून रंजनाही नाही.

ललितची सोयरीक बारडोलीच्या उसाच्या मळेवाल्यांकडची, त्यांनाही हवेलीच सांगितलेली. सुपारी फोडायच्या आधी दोन्हीकडची माणसं तसबिरीच्या पाया पडणार आणि तसबिरीवरचा मखमली पडदा होणाऱ्या सासऱ्याने ओढायचा, हे ललितनेच ठरवलेलं. बाईंनी निघायच्या आदल्या दिवशी चौकट उलटी करून खिळे काढले, फेटेवाला बाहेर, आबा आत, खिळे पुन्हा ठोकले, वर मखमल.

त्याने पाहिलं तर, असं रंजनाने विचारलं.

"पुसायचं काम पॉलिशवाळीचं. तो कशाला बघायला येतो?" बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि ते हसू रंजनाला आवडलं नाही.

"काकू, सोयरीक मोडली तर? त्या पोरीने काय केलंय?"

"आबाला बघून मोडणार असेल तर मोडू दे. तिलाही कळू दे कोणाच्या घरात चालली."

देवी असलं मागणं ऐकते का, हे रंजनाला कळेना. आणि खरं सांगायचं तर पॉलिशवाळी बाई हे ऐकून तिलाही ललितचा राग आला होता.

बराच वेळ गेल्यावर बाई अचानक थांबल्या. तळवा उचलून बघितला, खडा काढला. चेहरा उतरलेला. त्यांना आत्ताच सुचलं होतं. फोटोत आबांच्या पाठीवर काळं कपाट आहे, कपाळावर दोर, अंगात फाटकी बंडी. त्याच्याखाली नाव नाही. ललित हसून सांगेल, जुन्या काळातला हमाल, सजावटीला ठेवलाय, विंटेज. लोक त्याच्याशेजारी उभे राहून सेल्फी काढतील.

त्यांनी रंजनाचा हात धरला. लग्नाच्या भांड्यांवर, पाटांवर नावं घालायला गल्लीतले सगळे रंजनाकडे यायचे, कारण तिचं शाळेतलं मराठी अक्षर अजून तसंच होतं.

"तू लिखी दे माले," त्या म्हणाल्या. "दुरून वाचता आलं पाहिजे, एवढं मोठं. भटू हमाल, ललितचा आजा. बाकी काही नको. गडावरून उतरलो की पहिलं तेच कर, माय."